उसाचं पात डोळ्याला लागलं, डॉक्टर म्हणतात मातीतली बुरशी. शेतातली बुरशी माणसाला पण लागते का?

खोडवा_८६०३२ :
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण पूर्ण वाचा. आमचं गाव वाळवा तालुक्यात, साडेतीन एकर ऊस. गेल्या महिन्यात आमचे तात्या (वडील, वय ६३) खोडव्यातलं पाचट (उसाचा वाळका पाला) ओढत होते तर एक वाळकं पात सपकन डाव्या डोळ्याला घासून गेलं. पाणी आलं, जरा खुपलं, त्यांनी तिथंच पाटाच्या पाण्यानं डोळा धुतला आणि परत कामाला लागले. आता उसात काम म्हटल्यावर पात लागतंच हो, अंगाला कूस टोचलेली असतीच, त्याचं कोण काय मनावर घेतंय.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल. आईनं एरंडेलाचा थेंब घातला (मी पुण्यात होतो). तिसऱ्या दिवशी मेडिकलमधनं ड्रॉप आणला, चिठ्ठी-बिठ्ठी काय नाही, "डोळा लाल झालाय" एवढंच सांगितलं आणि मिळाला. आणि गंमत म्हणजे त्यानं दोन दिवस खरंच बरं वाटलं, लाली उतरली, तात्या खूश, मला फोनवर सांगतात की येऊ नकोस कायबी झालेलं नाही. मग सहाव्या रात्री असं ठणकायला लागलं की माणूस भिंतीला डोकं लावून बसला. सकाळी बघतोय तर बुबुळावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी ती ड्रॉपची बाटली मागितली, बघितली आणि काहीच बोलले नाहीत, नुसती बाजूला ठेवली. त्यात स्टेरॉईड होतं. मग डोळा बधिर करून बुबुळावरचं जरासं खरवडून काचेवर घेतलं, त्यावर कसलातरी थेंब टाकला आणि मला म्हणाले या बघा. दुर्बिणीत बघितलं तर कुंडी उपडी केल्यावर मुळ्यांचं जाळं दिसतं ना तसं, बारीक बारीक दोरे, मधे मधे गाठी. म्हणाले ही बुरशी, मातीतनं आली. आठवड्यानं कल्चरचा (बुरशी वाढवून ओळखतात त्याचा) रिपोर्ट आला त्यात लिहिलंय फ्युजारियम.

आता माझी झोप उडालीय ती इथं. दोन वर्षांपूर्वी आमच्या हरभऱ्याला मर (उभी झाडं वाळून जातात तो रोग) लागली होती तेव्हा कृषी सहाय्यक हेच नाव घेत होते, फ्युजारियम. म्हणजे रानातली मर तात्यांच्या डोळ्यात गेली का? मग रानात काय औषध ओतायचं का? आम्ही पिकाच्या रोगावर ट्रायकोडर्मा पण वापरतो, ती पण बुरशीच की, ती बंद करू का? आई अनवाणी भांगलते, तिच्या टाचा भेगाळलेल्यात, तिला काय व्हायचं नाही ना? कुणाला माहीत असेल त्यानं सांगा, घरात सगळे घाबरलेत.

रांगडा_गडी :
भावा सरळ काडी लाव पाचटाला. आमच्यात दरवर्षी पेटवतात, बुरशी नाही किडा नाही, रान साफ. नायतर फॉर्मॅलिन मार.

काळीभोर :
वरच्या भावाचं ऐकू नका प्लीज. मी कृषी पदवीधर आहे, माती परीक्षणाच्या कामात आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे मूठभर चांगल्या मातीत बुरशी नसेल तर ती माती नाही, नुसता भुगा आहे. एका ग्रॅममध्ये हजारोंनी, कधी लाखांनी बुरशीचे कण असतात. तुमचं पाचट कुजवतंय कोण? त्याच. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं कल्चर टाका असं आम्ही सांगतो, त्या कल्चरमधे बुरशीच असते की. ती मेली तर पाचट पावसाळ्यापर्यंत तसंच पडून राहील. आणि पेटवल्यानं वरची इंचभर माती तापते, खाली बुरशी जशीच्या तशी, फक्त तुमचा सेंद्रिय कर्ब धुरात गेला. फॉर्मॅलिन तर विषच आहे, साडेतीन एकरात ते मारायचं म्हटलं तर बुरशीच्या आधी तुम्हीच दवाखान्यात जाल.

मर रोगाचं. फ्युजारियम हे आडनाव समजा. हरभऱ्याची मर आणणारी जी आहे ती हरभऱ्यावर पोसायला सरावलेली, शेजारच्या तुरीला मर आणते ती पण वेगळी. डोळ्यात बहुतेक वेळा सापडते ती याच भावकीतली, पण दुसऱ्या घरातली, जी कुजक्या काडीकचऱ्यावर, मुळांवर, ओल्या पाल्यावर कुठंही जगते. त्यामुळे तुमच्या हरभऱ्याला मर लागली नसती तरी तात्यांना हे होऊ शकलं असतं. तसं कुठल्याच रानात ती नाही असं नाही हो, माझ्या घरच्या रानात पण असणार.

ट्रायकोडर्मा बंद करू नका, ती उलट फ्युजारियमला दाबते. फक्त एक सांगतो, पावडर शेणखतात मिसळताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहू नका, नाकाला रुमाल बांधा. मी स्वतः बघितलंय लोक पोतं फोडून तोंडापाशी झटकतात. घरात कुणाला दम्याचा किंवा किडनी बदलल्याच्या गोळ्या चालू असल्याचा विषय असेल तर ते काम त्या माणसाला देऊ नका, एवढंच.

बुबुळवाली :
मी नेत्रतज्ज्ञ आहे, पश्चिम महाराष्ट्रातच प्रॅक्टिस करते. तात्यांचा डोळा मी बघितलेला नाही, त्यामुळे उपचार तुमचे डॉक्टर सांगतील तेच. पण तुमची गोष्ट वाचून हसू नाही आलं, कारण ऊसतोडीच्या हंगामात आणि भाताची मळणी चालू असताना अशी गोष्ट माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक आठवड्याला येते, फक्त पात्र बदलतात. कधी उसाचं पात, कधी भाताचं तूस, कधी बैलाची शेपटी. हो, शेपटी. बैल माश्या हाकलतो आणि धार काढणाऱ्या... म्हणजे वैरण घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर फटका बसतो, त्या शेपटीला शेण-माती सगळं असतंच.

आता हे होतं कसं. बुबुळाच्या समोरची जी काचेसारखी कातडी असते, कॉर्निया, तिच्यावर एक पातळ थर असतो. तो शाबूत असेल तर तुम्ही डोळ्यात धूळ उडवून घेतली तरी बुरशी आत शिरत नाही. पात घासलं की तो थर फाटतो आणि पाताबरोबर आलेले कण थेट आत रोवले जातात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ती पारदर्शक आहे, पण त्यामुळेच शरीराचे शिपाई तिथं उशिरा पोचतात. तरीही बहुतेक वेळा पोचतात! दहा जणांना पात लागलं तर नऊ जणांचं आपलं आपण भरून येतं आणि म्हणूनच लोकांना वाटतं काही होत नसतं.

आणि मग येतं ते स्टेरॉईड. लाली म्हणजे काय, तर शिपाई आलेत त्याची खूण. स्टेरॉईड त्यांना घरी पाठवतं. लाली गेली, ठणका गेला, बुरशीला मोकळं रान. तुमच्या तात्यांना दोन दिवस "बरं" वाटलं ते हेच. मला रुग्णांवर राग नाही येत, बाटलीवर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येणार, पण काउंटरवर ती देणाऱ्यावर येतो.

एरंडेल, आईचं दूध, मध, तुळशीचा रस, जिभेनं कुसळ काढणारी बाई, यातलं काहीही उघड्या जखमेवर नको. आईंना रागावू नका, आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी हेच केलंय.

जगात दरवर्षी दहा लाखांच्या वर डोळ्यांना बुरशीचा अल्सर (बुबुळावरची चिघळलेली जखम) होतो असा २०२१ साली छापून आलेला अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त वाटा आशिया-आफ्रिकेतल्या शेतात राबणाऱ्यांचा. औषध कुठलं जास्त चालतं याचा मोठा अभ्यास आपल्याकडेच, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलात वगैरे झाला, २०१३ ला निकाल आला, नॅटामायसिन हे जुनं औषध नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं आणि फ्युजारियममधे तर फरक फारच होता. तात्यांना बहुतेक तेच चालू असेल. पांढरं, दुधासारखं, बाटली हलवून घालायचं असतं?

खोडवा_८६०३२ :
हो ताई तेच!! पहिले काही दिवस तासातासाला, रात्री पण. मी मोबाईलला चोवीस अलार्म लावले होते. पापण्यांवर चुना वाळल्यासारखी पांढरी पुटं धरायची, आई कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसायची. तात्या चिडायचे, म्हणायचे झोपू देताय का नाही, डोळा गेला तर गेला. बाटल्या किती संपल्या त्याचा हिशोब सोडून दिला. पण पाटाच्या पाण्यानं धुतलं ते चुकलं का मग? आणि तेव्हाच काय करायला पाहिजे होतं?

बुबुळवाली :
पाटाचं नको, पिण्याचं स्वच्छ पाणी. डोळा चोळायचा नाही, पट्टी बांधून बंद करायचा नाही, आणि त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं. आम्ही एका कागदी पट्टीनं पिवळा रंग लावतो आणि निळ्या उजेडात बघतो, ओरखडा असेल तर हिरवागार चमकतो, दोन मिनिटांचं काम आहे. ओरखडा आहे पण अल्सर नाही अशा टप्प्यावर साधं अँटिबायोटिक मलम पण खूप काम करतं. नेपाळात भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांना हेच शिकवलं होतं, इजा झालेल्याला शोधायचं आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस घालायचं. २००१ साली त्याचा निकाल आला, ज्यांना लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यात एकालाही अल्सर झाला नाही. एक दिवस उलटून गेल्यावर आले त्यांच्यात मात्र बरेच निघाले. मलम बुरशी मारत नाही हो, पण वेळेवर थर भरून आला तर बाकीचं शरीर बघून घेतं.

पण हे वाचून कुणी घरी मलम आणून ठेवू नका आणि "बुबुळवालीनं सांगितलं" म्हणू नका, पांढरा ठिपका दिसला की मलमाचा विषय संपला, मग खरवडून तपासायलाच पाहिजे.

माणदेशी_मेंढपाळ :
आईच्या पायाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. साध्या भेगांनी घाबरायचं कारण नाही पण काट्याचं बघा. आमच्या चुलत्याला बाभळीचा काटा मोडला होता तळपायात, मेंढरामागं अनवाणी. काटा निघाला, विसरून गेले. वर्षा-दोन वर्षांनी तिथं गाठ. दुखत नाही काय नाही, म्हणून कोण बघतंय. मग पाय सुजत गेला, बारीक बारीक तोंडं पडली आणि त्यातनं पाणी यायचं आणि त्या पाण्यात मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे. हे दाणे मी स्वतः धोतराच्या कापडावर बघितलेत, खसखस सांडल्यासारखे. गावात सगळे म्हणायचे हत्तीपाय. हत्तीपाय नव्हताच तो, मदुरा पाय म्हणतात त्याला, मातीतली बुरशी काट्याबरोबर आत जाती आणि सावकाश हाडापर्यंत खात जाती. चुलत्याचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. वेळेत कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे गोळ्या पण महिनोन् महिने.

नंतर मी याच्यावर वाचलं तर कळलं हा रोग बुरशीनं होतो हे दाखवणारा माणूस मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात होता, हेन्री व्हॅन्डाईक कार्टर, तोच ज्यानं 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या जगभर गाजलेल्या पुस्तकातली चित्रं काढलेली. आणि पुढं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता! १८७४ ला त्यानं या रोगावर पुस्तक काढलं. म्हणजे बघा, आमच्या जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी सायेब येऊन राहून गेला आणि आमच्या चुलत्याच्या पायाला तरी सगळे हत्तीपायच म्हणत राहिले.

बुबुळवाली :
माणदेशी, भारीच माहिती. त्यात एक भर, दाणे काळेच असतात असं नाही, पांढरे किंवा लाल पण येतात आणि मग कधी कधी ती बुरशी नसून जिवाणू असतो, औषध पूर्ण वेगळं लागतं. म्हणून दाणे फेकून न देता स्वच्छ डबीत घालून घेऊन या डॉक्टरकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मधे हा दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातला. न दुखणारी गाठ आणि काटा लागल्याची जुनी आठवण, एवढं जुळलं तरी दाखवून घ्या.

ट्यूलिपवाला :
मी मूळचा नाशिकचा, सध्या नेदरलँड्समधे. एक वेगळा अँगल देतो. रानात बुरशीनाशक ओतण्याबद्दल विचारलंय ना, त्याची इथं चांगलीच अद्दल घडलीय. टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, हेक्झाकोनाझोल ही जी "झोल"वाली औषधं आपण द्राक्षाला, गव्हाला, भाताला मारतो, आणि माणसाच्या फुप्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीवर डॉक्टर जी देतात इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, ती एकाच खानदानातली. इथं ट्यूलिपच्या कंदांना ही औषधं भरपूर, मग टाकाऊ कंद-पाल्याचे ढीग लागतात, त्या कुजणाऱ्या गरम ढिगात बुरशी मजेत वाढते आणि औषधाचा थोडा थोडा अंश पचवत पचवत निर्ढावते. ती हवेत उडून आजारी माणसाच्या छातीत गेली की डॉक्टरचं औषध पहिल्या दिवसापासून फेल, रुग्णानं ते आयुष्यात कधी घेतलेलं नसलं तरी. भारतात पण अशी निर्ढावलेली ॲस्परजिलस मातीत सापडल्याचं २०१२ सालीच छापून आलंय. आमच्या नाशिककडं द्राक्षाच्या फवारण्या मी लहानपणापासून बघितल्यात म्हणून जीव जास्त तुटतो.

म्हणजे फवारू नका असं नाही, करपा आला तर मारायलाच लागणार. पण "माणसाला होऊ नये म्हणून" रानात झोल ओतणं म्हणजे चोराला घराची किल्ली दाखवण्यासारखं.

रांगडा_गडी :
बरं बाबा नाय पेटवत 😅 पण मग २०२१ ला ते म्युकर म्हणजे ब्लॅक फंगस आलेलं ते पण मातीतलंच का? आमच्या मामाचा एक डोळा काढला त्यात.

बुबुळवाली :
वाईट वाटलं ऐकून. हो, तीही बुरशी मातीत, शेणखतात, कुजक्या फळावर, शिळ्या भाकरीवर सगळीकडे आहे, आधीही होती. त्या वर्षी बुरशी वाढली नव्हती, तिला तयार घरं मिळाली होती. कोविड, त्यावर स्टेरॉईडचे डोस, आणि साखर चारशे-पाचशेवर. ती नाकातून सायनसमधे आणि तिथून डोळ्यामागे जाते. ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, हेही तेव्हा लोकांना पटत नव्हतं, मामांचे कपडे वेगळे धुतले असतील ना घरात? शेतकऱ्यानं यातून घ्यायचं ते इतकंच की शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवायची. खोडवा, तात्यांची शुगर बघितली का?

खोडवा_८६०३२ :
बघितली ताई. निघाली. २६०. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

भुईमूग_उन्हाळी :
थोडं विषयाबाहेर, पण शेंगा ओल्या राहिल्या की दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते ती पण यातलीच का? आम्ही ते दाणे तेलाला काढतो.

काळीभोर :
ती बहुतेक ॲस्परजिलस फ्लेव्हस, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते, लिव्हरला वाईट, आणि भाजून-तळून जात नाही. गंमत बघा, हीच बुबुळवालींच्या यादीत डोळ्याच्या अल्सरमधे पण असणार. ते दाणे तेलाला नको, आणि पेंड जनावराला तर अजिबात नको, दुधात उतरतं. शेंगा पाऊस येतोय म्हणून घाईत पोत्यात भरू नका, दाणा खुळखुळा वाजेपर्यंत वाळवा. बाकी यावर वेगळा धागा काढा.

खोडवा_८६०३२ :
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. सातव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले जखम भरली. फूल राहिलंय बुबुळावर, मधोमध नाही जरा खालच्या अंगाला, ते नशीब. आधी समोर धरलेली बोटं मोजता येत नव्हती, आता तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचतात. पुढं बुबुळ बदलायचं का ते सहा महिन्यांनी ठरवू म्हणालेत. शुगरची गोळी चालू केली. आईला बूट आणलेत, गमबूट नाही, साधे कापडी, गमबुटात पाय शिजतात म्हणाली.

तात्यांना गॉगल आणला साधा पारदर्शक, मोटरसायकलवाले घालतात तसला. दहा मिनिटं घातला आणि काढून बांधावर ठेवला. म्हणतात आत वाफ धरती, ऊस दिसत नाही का मला, आधीच एक डोळा. खरं आहे त्यांचं, उन्हात मी पण घालून बघितला, घामानं काच धुरकट होती. कोण वापरतंय का असलं काही उसात?

काळीभोर :
जाळीचा चष्मा मिळतो, बारीक तारेची जाळी असलेला, लाकूड कापणारे वापरतात. पात अडतं, वाफ धरत नाही. धूळ मात्र आत येते, म्हणजे भाताच्या मळणीला तो चालणार नाही. उसाला उत्तम.

माणदेशी_मेंढपाळ :
आणि जाळीचा मिळेपर्यंत त्याच गॉगलला आतनं भांड्याच्या साबणाचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, धुवायचं नाही. तास-दीड तास वाफ धरत नाही. मी मोटरसायकलला पावसात करतो. पण साबण नीट पुसा, नायतर घामाबरोबर डोळ्यात उतरला तर तात्या गॉगलसकट तुम्हाला रानाबाहेर काढतील.